चमकीच्या खोलीचं दार

आमच्या भिलाईतल्या नेहरू नगरच्या घरात खालच्या मजल्यावर दार असलेली खोली एकच, आणि त्या खोलीत माणूस राहत नव्हता. तिथे चमकी राहायची. चमकी, चमकीच्या सख्ख्या-चुलत बहिणी, वाळलेल्या ग्लिटरच्या ट्यूबा, आणि जगात कुठेही थारा न मिळालेले रंगीत कागद. या मंडळींना पंखा होता, खिडकी होती, खिडकीला डासांची जाळी होती. आणि ज्या बाईनं हे घर उभं राहताना भर उन्हात विटांवर पाणी मारलं, ती माझी सासू, हॉलमध्ये दिवाणावर झोपायची. उशाशी टीव्ही, पायथ्याशी चपलांचं स्टँड.

खोली माझ्या मोठ्या जावेची. मी तिला ताई म्हणते, कारण म्हणावं लागतं. ताईंना ग्रीटिंग कार्डं बनवायचा नाद आहे. नाद म्हणजे, त्या ज्या काळी शिकल्या त्या काळी लोक एकमेकांना कार्डं पाठवत होते. मग लोक थांबले. ताईंना कोणी कळवलं नाही.

आता मला कागदाचा राग नाही. कागद बिचारा. माझा राग त्या लोकांवर आहे जे दगड झालेल्या ट्यूबला रोज टोपण घट्ट करून ठेवतात, जसं काही ती उद्या उठून चहा मागणार आहे. ताईंची एक जांभळी ग्लिटर ट्यूब मी एकदा स्वयंपाकघरात उंदरावर फेकून मारली होती. उंदीर जागच्या जागी गेला, फरशीचा टवका उडाला, भिंत हलून वर सासऱ्यांची झोप मोडली. ट्यूबला ओरखडा नाही. ताईंनी ती उचलून पदरानं पुसली आणि परत रॅकवर ठेवली.

त्या रॅकचंही सांगते. थोरल्या दिरांचा हथखोजला फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. बायकोला सामान ठेवायला काहीतरी पाहिजे म्हणून त्यांनी अँगलचे असे रॅक बनवून आणले की त्यांच्यावर रेल्वेचं डिझेल इंजिन उभं केलं तरी कुरकुरले नसते. त्यांच्यावर काय ठेवलं होतं? स्टिकर. ‘हॅपी न्यू इयर २०००’ लिहिलेले सोनेरी स्टिकर, गठ्ठेच्या गठ्ठे.

"ताई, हे कायले ठेवले वो? दोन हजार साल परत येऊन राहिलं का?"

"तुला नाही कळणार. याला रेट्रो म्हणतात."

घासून उमटवायच्या इंग्रजी अक्षरांचं एक पान होतं. त्यावरची सगळी कामाची अक्षरं कधीच संपलेली. उरले होते फक्त क्यू, एक्स आणि झेड. या तीन अक्षरांत मावेल असा माणूस ओळखीत जन्माला यावा म्हणून ते पान मागच्या शतकापासून ताटकळत होतं. दोन्ही बाजूंनी चिकटणारा फोमचा टेप होता, त्याचं पिवळं पीठ झालेलं. चुकून डब्यात गेलं असतं तर मी त्याची भजी तळली असती आणि कोणाला कळलंही नसतं. फुलांच्या पाकळ्या घातलेला हातकागद होता. पाकळ्या किड्यांनी खाल्ल्या, भोकं उरली. ताई त्याला टेक्श्चर म्हणायच्या. झिगझॅग कैच्या होत्या, नागमोडी, कंगोऱ्याच्या, किल्ल्याच्या तटासारख्या. त्या कागद कापायच्या नाहीत, चावायच्या. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे फुलपाखराचा पंच. लाल प्लास्टिकचा, वर एका कोपऱ्याला दातानं चावल्याची खूण. कागद आत घालून दाबला की खालून फुलपाखरू पडायचं. पडायचं म्हणजे अर्धं. एक पंख बाहेर यायचा, दुसरा आतच अडकून बसायचा. त्या खोलीत एका पंखाची फुलपाखरं इतकी झाली होती की खिडकी उघडली तर ती लंगडत लंगडत शेजारच्या दुर्ग शहरापर्यंत गेली असती.

बरं, इतकं सगळं करून कार्ड कोणाला मिळतं? कोणालाच नाही. ताई कार्ड बनवतात, खिडकीतल्या उजेडात धरतात, मोबाइलनं फोटो काढतात, फोटो पाठवतात आणि कार्ड परत रॅकवर ठेवून देतात. माझ्या नवऱ्याच्या प्रत्येक वाढदिवसाचं कार्ड त्या खोलीत आहे. त्यानं त्यातलं एकही हातात धरलेलं नाही.

आणि ताई एकट्या नाहीत. भिलाईत अशा कार्डवाल्या बायांची एक टोळीच आहे. मोबाइलवर ग्रुप आहे, महिन्यातून एकदा भेटतात, एकमेकींच्या वाळलेल्या ट्यूबांना माना डोलावतात. त्यांची म्होरकी जुनवानीची एक मॅडम. तिच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून सामानाची खोकी डबलबेडखाली सारत सारत तो बेड इतका वर गेला आहे की तिचा नवरा झोपायला स्टूल लावून चढतो आणि सकाळी उतरताना पंखा बंद आहे ना हे आधी बघून घेतो.

एकदा ताई माहेरी गेल्या असताना मी कबाडीवाल्याला बोलावलं. त्यानं खोलीचं दार उघडून आत पाहिलं. हा माणूस गंजलेले कुलर नेतो, फुटके कमोड नेतो. तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "दीदी, ये तो हम भी नहीं लेंगे."

मी दार लावून घेतलं. बाहेरून. त्या दाराला आतून कडीच नव्हती. आत राहणाऱ्या मंडळींना ती कशाला लागणार?

हे असंच चाललं असतं, पण आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. त्याआधी आई वर राहायच्या, सासऱ्यांसोबत. सासऱ्यांनी सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या दणदणाटात काढली, आणि रिटायर झाल्यावर तो दणदणाट नाकात भरून घरी आणला. त्यांचं घोरणं सुरू झालं की शेजारचे लोक शिफ्ट बदलली समजून घड्याळ बघतात. आई खाली आल्या आणि हॉलमधल्या दिवाणावर त्यांचा मुक्काम पडला. सकाळी दूधवाला त्यांच्या अंगावरून पिशवी देणार, दुपारी कुरियरवाला त्यांनाच सही मागणार, संध्याकाळी पाहुणे त्यांच्या पायाशी बसून चकल्या खाणार. लुगडं बदलायचं तर बाथरूममध्ये, एका पायावर, नळाला धरून.

आईंनी मागितलं ते जेवताना, सगळ्यांसमोर, अगदी सरळ.

"मले काही महाल नाही पाहिजे. मले एक दार पाहिजे. लावाले."

दिरांनी ताटात पाहिलं. माझ्या नवऱ्यानं दिरांच्या ताटात पाहिलं. ताई म्हणाल्या, "आई, पण तुम्हाला आत एकटं एकटं वाटेल ना."

"मंग वाटू दे नं वं! लगन झाल्यापासून मले कोनी एकटं वाटूच देलं नाही."

"तसं नाही, त्या खोलीत धूळ आली की सामान खराब होतं. प्लांटची धूळ किती बारीक असते. म्हणून तर दार बंद ठेवते मी."

"आन मी?" आई म्हणाल्या. "माझ्यावर नाही का धूळ बसत?"

ताईंनी भात वाढायला घेतला. विषय संपला. निदान ताईंना तसं वाटलं. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की त्या चमकीला घराबाहेर काढल्याशिवाय आपण संक्रांतीचा तीळ तोंडात टाकायचा नाही.

कारण संक्रांत जवळ आली होती, आणि संक्रांतीत एक असं हत्यार आहे जे कबाडीवाल्यापाशी नाही. वाण. हळदीकुंकवाला बायांना बोलावायचं आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी वस्तू ठेवायची. लुटायचं म्हणतात त्याला. समोरची बाई ते नाकारू शकत नाही. वाटी द्या, चाळणी द्या, प्लास्टिकचा साबणाचा डबा द्या, ती कपाळाला लावून घेणार. घरी नेऊन काय करते ते तिचं तिला माहीत.

मी ताईंपाशी गेले. त्या एका पंखाच्या फुलपाखराला दुसरा पंख चिकटवत होत्या.

"ताई, यंदा वाण काय देऊन राहिलो आपण?"

"मागच्या वर्षी चाळण्या दिल्या. यंदा डबे बघू."

"डबे काय, सगळ्याच देतात. पण तुमच्यासारख्या कलाकाराच्या घरून बाईनं डबा घेऊन जावं म्हणजे..."

मी वाक्य तिथेच सोडलं. माझा अनुभव आहे, अर्धवट सोडलेलं वाक्य ताई स्वतःच्या स्तुतीनंच पूर्ण करतात.

"मग काय द्यायचं म्हणतेस?"

"कलेचं वाण."

ताईंच्या हातातला पंख खाली पडला. डोळे असे लकाकले की मला वाटलं त्यांनी पापण्यांना ग्लिटर लावलं.

"म्हणजे माझं सामान?"

"सामान जाऊन नाही राहिलं ताई. फैलून राहिलं. घराघरात तुमची कला."

असं बघा, कार्डवाल्या बाईला फेकता येत नाही. फेकणं म्हणजे तिच्यासाठी खून. पण देता येतं, घेणारीला कदर असेल तर. आणि तिच्या ओळखीच्या सगळ्या बाया कदर करणाऱ्याच. ताई कामाला लागल्या. पुढचे कित्येक दिवस त्या खोलीतून निरोपाचे आवाज येत होते. प्रत्येक कैची हातात घ्यायच्या, हवेत दोनदा चालवायच्या, ‘ही मी नागपूरहून आणली होती’ म्हणायच्या आणि पुडीत घालायच्या. मी सासरी जाताना माझ्या आईनं डोळ्यांत इतकं पाणी आणलं नव्हतं. एक दिवस मला धास्ती वाटली की बाई अर्धं सामान मागे ठेवून घेणार. मग मी फक्त इतकंच म्हटलं, "जुनवानीच्या मॅडमच्या पुडीत जरा कमीच दिसून राहिलं." झालं. रॅक धुऊन काढल्यासारखे रिकामे झाले. फुलपाखराचा पंचसुद्धा मॅडमच्या पुडीत गेला.

हॉलमध्ये बायांना बसायला सतरंजी अंथरायची, तर आईंचा दिवाण कुठे?

"त्या एका दिवसापुरता आत सरकवून देऊ," मी म्हणाले. "तसंही खोली रिकामीच हाय."

"एका दिवसापुरता," ताईंनी मला बजावलं.

इथपर्यंतची हुशारी माझी. पण मी म्हणजे या घरातली कच्ची खेळाडू. आईंनी काय केलं, तर आदल्या दिवशी थोरल्या लेकाला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "बाबू, उद्या एवढ्या बाया येतीन. मले लुगडं बदलाचं राह्यते. त्या दाराले आतून कडी नाही रे." दिरांचा आईवर जीव. संध्याकाळी ते हथखोजहून कडी घेऊन आले. ती कडी नव्हती. ब्लास्ट फर्नेसचं तोंड बंद करायला जे वापरत असतील त्याचं धाकटं भावंड होतं. ती बसवायला माझा नवरा आणि दीर दोघं लागले, ड्रिल मशीन तापून बंद पडली. ताई शेजारी उभ्या राहून कडी सरळ बसली की नाही हे सांगत होत्या. स्वतःच्या तोंडानं.

हळदीकुंकू दणक्यात झालं. सेक्टरमधल्या बाया आल्या, कार्डवाल्या आल्या, जुनवानीची मॅडम गजरा माळून आली. आम्ही हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वर पुडी. पुडी उघडून बघताना त्यांचे चेहरे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तोंडानं "अय्या, किती सुंदर!" आणि डोळ्यांत असं की कोणीतरी ओलं लंगोटं असलेलं दुसऱ्याचं बाळ मांडीवर आणून ठेवलं. पण वाण! सगळ्यांनी कपाळाला लावून घेतलं. एका साध्या बाईला ते क्यू-एक्स-झेडचं पान मिळालं होतं. ती मला हळूच विचारून गेली, "वहिनी, हे कोन्या देवाचं यंत्र हाय का?" मी म्हटलं, "हो. तिजोरीत ठेवा."

आईंना हळदकुंकू लावायला आम्ही आत गेलो. ताईंनी त्यांच्या हातात एक ट्यूब ठेवली, तीच जांभळी, उंदीरमार.

आईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "हे काय हाय वं? दात घासाचं?"

"नाही आई, ग्लिटर आहे."

"चेहऱ्याले लावतात?"

"कार्डाला लावतात."

"कोन्या कार्डाले? राशनच्या?"

ताई बाहेर आल्या. त्यांच्या मागे दार लागलं, आणि मग ती कडी. खण्ण! हॉलमधल्या सगळ्या बाया दचकल्या. जुनवानीच्या मॅडमच्या हातातला तिळगूळ सांडला. मला तर तो आवाज इतका गोड वाटला की मी तो रोज सकाळी ऐकायला तयार होते.

दिवाण दुसऱ्या दिवशी बाहेर यायचा होता. दुसऱ्या दिवशी आई म्हणाल्या, कंबर लचकली. तिसऱ्या दिवशी, अमावस्या. ताईंनीही जोर केला नाही, खोलीत ठेवायला तरी काय होतं? सगळं लुटलं होतं.

आणि इथे माझी अक्कल उघडी पडली.

आमच्याकडे हळदीकुंकवं संक्रांतीला संपत नाहीत, रथसप्तमीपर्यंत चालतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. म्हणजे ज्या बायांना आपण वाण देतो, त्याच बाया पुढच्या पंधरवड्यात आपल्याला वाण देणार. हे मला जन्मापासून माहीत होतं. फक्त त्या वेळी आठवलं नाही. आणि ताईंचं कलेचं वाण टोळीला भल्लं आवडलं होतं. आवडणारच. त्यांच्या घरीही तशाच खोल्या होत्या, तसेच नवरे स्टुलावरून बेडवर चढत होते.

पहिल्या घरून ताई आल्या त्या क्रेप कागदाची गुंडाळी घेऊन, उन्हानं उडून कोणत्या रंगाची होती हे गुंडाळीलाही आठवत नव्हतं. दुसऱ्या घरून मखमली कागद, मखमल गळून टक्कल पडलेला. मग रबरी शिक्के आले, विरघळून एकमेकांना बिलगलेले. अस्वलाच्या पोटावर उलटं ‘थँक यू’. मग आमचेच २००० सालचे स्टिकर आले, तीन घरं फिरून, वर कोणाच्या तरी हळदीचं बोट उमटलेलं. ताईंना वाईट वाटलं असेल असं समजू नका. त्या प्रत्येक पिशवी उघडून म्हणायच्या, "अगं, हे तर आता कुठेच मिळत नाही!"

"कावून मिळन ताई? बनवणाऱ्याले अक्कल आली."

पिशव्या हॉलमध्ये साचत गेल्या, जिथे आधी दिवाण होता बरोबर तिथे. गेलं त्याच्या दुप्पट आलं. मग एका संध्याकाळी ताई खुर्चीवर चढून पिशव्यांवर पिशव्या रचत म्हणाल्या, "रथसप्तमी झाली की आईंचा दिवाण बाहेर काढू. मी यांना सांगून ठेवलं आहे."

हे सगळं मीच घडवून आणलेलं. मी दार वाजवलं. आईंनी कडी काढली, मला आत घेतलं, परत कडी लावली. आत काही चाललेलं नव्हतं. टीव्ही नाही, पोथी नाही. आई नुसत्या बसलेल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून, पाय लांब सोडून, डोक्यावरचा पदर खाली. इतक्या वर्षांत मी त्यांचे केस पहिल्यांदा मोकळे पाहिले. रेल्वेचं इंजिन पेलणाऱ्या रॅकवर गुडघ्याचा पट्टा, बाम, लोणच्याची बरणी आणि ती जांभळी ट्यूब, तिच्यानं खिडकीचं दार अडवायचं काम छान होतं.

"आई, ताई म्हणून राहिल्या..."

"ऐकलं मी. दार लाकडाचं हाय."

"मंग आता काय कराचं?"

"तू कायले काही करतं? कडी हाय नं."

रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू जुनवानीच्या मॅडमकडे होतं. ताई परत आल्या त्या रिक्षातून दोन खोकी उतरवत. मॅडमचा बेड त्या दिवशी जमिनीला टेकला असणार. वरच्या खोक्यात सगळ्यात वर फुलपाखराचा पंच होता. लाल प्लास्टिक, कोपऱ्यावर दाताची खूण. ताईंनी तो छातीशी धरला. मग खोकी उचलून त्या दारापाशी गेल्या. हॉलमध्ये आता त्यांना उभं राहायलाही जागा नव्हती. दीर आणि माझा नवरा जिन्याच्या पायरीवर बसून चहा पीत होते.

ताईंनी दार वाजवलं.

"कोन हाय?"

"मी आहे आई. उघडता का? सामान ठेवायचं होतं."

"इथं माणूस राह्यते."

ताईंनी दिरांकडे पाहिलं. दिरांनी दाराकडे पाहिलं, आतून त्यांनीच बनवलेली कडी लागलेली, आणि कपात तोंड घातलं. हत्तीनं धडक दिली असती तर हत्ती दवाखान्यात गेला असता.

मग ताईंनी जे केलं ते फक्त कार्डवालीच करू शकते. त्या पिशव्यांच्या ढिगाऱ्यात मांडी घालून बसल्या आणि कार्ड करायला घेतलं. टक्कल पडलेला मखमली कागद घेतला, तटाच्या कैचीनं त्याचे काठ चावले, मधोमध उघडणारं इवलंसं दार कापलं, दाराच्या आत एका पंखाचं फुलपाखरू बसवलं. खाली लिहिलं, ‘आई, प्लीज’. दिव्याखाली धरून पाहिलं. आणि मग फोटो न काढता, आयुष्यात पहिल्यांदा, कार्ड ज्याचं होतं त्याच्याकडे पाठवलं. दाराखालच्या फटीतून आत सरकवलं.

आतून चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मला खरंच भीती वाटली की म्हातारी विरघळते.

फटीतून कार्ड परत बाहेर आलं, फुलपाखरू गळलेलं.

"छान हाय," आई आतून म्हणाल्या. "पण हे तुझ्यापाशीच राहू दे. फोटो पाठव. मोबाइल हाय माझ्यापाशी."

ताईंनी कार्ड उचललं. उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. शेवटी कार्ड दिव्याखाली धरलं आणि फोटो काढला. आत मोबाइल टिंग वाजला. थोड्या वेळानं बाहेर ताईंचा वाजला. मी मान उंच करून पाहिलं.

अंगठा होता. पिवळा, वर केलेला.